सर्व्हर चालू असताना

पद्मजा चौगुलेच्या माहेरी सगळ्यांची एक ठाम समजूत होती. पद्मा कॉम्प्युटरसमोर बसते, म्हणजे कॉम्प्युटर तिचं ऐकत असणार. त्यामुळे गणगोतात कुणाची जखम चिघळली, कुणाचा खोकला हटेना झाला, की पहिला फोन तिला. "जरा आमचं आधी बघ की." पद्मजाचं उत्तर ठरलेलं, "नंबरानं येईल." समोरचा "बरं बरं" म्हणायचा आणि फोन ठेवून तिच्या नावानं बोटं मोडायचा. तिला ते ठाऊक होतं. त्याचा तिला थोडा अभिमानही होता, पण हे ती कुणाला सांगायची नाही.

ती मिरजेच्या फेज पेढीत कामाला होती. अँटिबायोटिक्सचा धाक संपून गेल्याचे ते दिवस. एकेकाळी ज्या गोळीला जिवाणू चळाचळा कापायचे, ती गोळी आता ते पचवून ढेकर देत होते. तेव्हा डॉक्टर मंडळींना जिवाणूंच्या जुन्या वैऱ्याची आठवण झाली. फेज म्हणजे जिवाणूंना खाणारे विषाणू. माणसाच्या वाटेला ते जात नाहीत. आपल्या पसंतीचा जिवाणू दिसला की त्याच्या अंगात शिरतात, आत आपली पिलावळ वाढवतात आणि त्याला फोडून बाहेर पडतात. गोम एवढीच, की फेज भारी चोखंदळ. एकाला जो जिवाणू आवडतो त्याच्या सख्ख्या भावाला तो फेज तोंड लावत नाही. म्हणून गटारं, नाले, घाट, तळी पालथी घालून हजारो फेज गोळा करायचे, शिशीत भरून थंडगार कपाटात ठेवायचे, आणि रोगी आला की त्याच्या जिवाणूला नेमका कोणता फेज चालेल ते शोधायचं. ज्या जागी सापडला त्या जागेचं नाव फेजला द्यायची पेढीत पद्धत होती.

दुसरी गोम जास्त वाईट होती. काही फेज जिवाणूत शिरतात, पण त्याला फोडत नाहीत. आतच बस्तान मांडतात. पेढीत त्यांना 'घरजावई' म्हणत. त्यातले काही येताना विषाची जनुकं घेऊन येतात, आणि मग साधा जिवाणूही जहरी होऊन बसतो. असा फेज रोग्याला दिला, तर ते औषध नव्हे.

हा सगळा शोध एका डेटाबेसात चाले. प्रत्येक फेजची नोंद एक्सएमएलमध्ये, म्हणजे झाडासारखी. मधे खोड, त्याला फांद्या, फांद्यांना डहाळ्या. एखाद्या फेजला चारच डहाळ्या, एखाद्याचा नुसता वटवृक्ष. पेढी उभी करणारे हणबर सर जुन्या वळणाचे, त्यांना चित्रांची, बटणांची भानगड नको असायची. काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करून सर्व्हर सुरू करायचा. तो एका ठरावीक पोर्टवर, म्हणजे ठरलेल्या दाराशी, कान लावून गप्प बसतो. मग सांगलीच्या डॉक्टरनं असो की सोलापूरच्या, आपल्या मशीनवर क्लायंट, म्हणजे सर्व्हरशी बोलणारा प्रोग्रॅम चालवायचा, सर्व्हरचा पत्ता, नाव आणि पासवर्ड द्यायचा, की प्रश्न विचारायची जागा समोर लुकलुकायला लागते. ग्रंथालयात कपाटाला हात फक्त ग्रंथपालानं लावायचा आणि वाचकानं काउंटरवर चिठ्ठी द्यायची, तसाच हा मामला. वाचायला सर्व्हर एकदम आठ-दहा जणांना आत घेतो, बाकीचे रांगेत. पण कुणी लिहायला बसलं, की ते लिहिणं पुरं होईस्तोवर बाकीच्यांनी थांबायचं. नाहीतर अर्धं जुनं आणि अर्धं नवं हाती येईल.

सर्व्हरला वगळून, त्याच मशीनवर बसून डेटाबेस थेट उघडायची सोयही त्या प्रोग्रॅममध्ये होती. घरी एकट्यानं काम करणाऱ्यासाठी ती ठीक. पेढीत मात्र हणबर सरांनी भिंतीवर ठळक अक्षरांत लावून ठेवलं होतं, 'सर्व्हर चालू असताना डेटाबेस थेट उघडू नये.' त्याखाली कुणीतरी पेननं जोडलं होतं, 'म्हणजे नाहीच.'

त्या दिवशी सर्व्हर सकाळपासून लिहीत होता. जुन्या सगळ्या फेजची जनुकं नव्या यंत्रावर पुन्हा वाचून झाली होती आणि त्या वाचनाचे निकाल झाडाझाडाला जोडले जात होते. दांडगं काम, मधेच तोडता न येणारं. रांगेत डॉक्टरांचे प्रश्न साचत चालले होते. त्या रांगेत एक प्रश्न अण्णाचा होता.

अण्णा म्हणजे भूपाल मगदूम, पद्मजाचा थोरला भाऊ. कुपवाडला विजेच्या रिक्षांच्या बॅटऱ्या दुरुस्त करायचा. आईबाप लवकर गेले, तेव्हा यानंच पद्मजाला शिकवलं, उजवलं, बाळंतपणाला माहेरी आणलं. मागच्या आठवड्यात बॅटरीचा पेटारा उचलताना निसटून नडगीवर आला. हाड वाचलं, पण जखमेत जो जिवाणू शिरला त्याला कुठलंच औषध लागू पडेना. पेढीच्या समोरच्याच हॉस्पिटलात अण्णा पडून होता आणि पाय मांडीकडे काळवंडत चालला होता.

जेवणाच्या सुट्टीच्या सुमाराला त्रिशलावहिनीचा फोन आला.

"पद्मा, डॉक्टरीणबाई आत्ता बघून गेल्या. औषध मिळालं तर पाय ऱ्हाईल म्हणालेत. न्हाईतर आज काढाय लागंल म्हणालेत. रक्तात उतराय लागलंय म्हणं."

"वहिनी, नंबर लावलाय. काम चालू आहे. ते झालं की लगेच."

"कवा हुणार?"

"सांगता येत नाही."

वहिनी हळू आवाजात म्हणाली, "आजवर तुला एका शब्दानं कदी काय मागितलं न्हाई. लोक फोन करायचे तवा मीच त्यास्नी सांगायची, पद्मीच्या मागं लागू नगा म्हणून. पर हे तुजं अण्णा हाईत गं. तू तितंच बसतीस न्हवं? काय तरी कर."

कुणी भांडलं असतं तर पद्मजाला सोपं गेलं असतं. वहिनी भांडत नव्हती.

तिनं रांग पाहिली. लिहिणं चालूच. ते मारून टाकावं तर झाडं अर्धवट तुटतील आणि साऱ्या जिल्ह्यांचे रोगी अडकतील. रोजचा बॅकअप पुण्याला जाई, तो मागवून उघडेपर्यंत संध्याकाळ झाली असती. हणबर सर जेवायला घरी गेले होते. त्यांना फोन करावा असं तिच्या मनात आलं, आणि ते काय म्हणतील हेही लगोलग आलं, म्हणून तिनं केला नाही.

मग तिला ती युक्ती सुचली. अशी युक्ती अडाण्याला सुचत नाही, ती रोज त्या मशीनशी झगडणाऱ्यालाच सुचते. थेट उघडायचं नाही ना? बरं, नाही उघडत. पण डेटाबेस म्हणजे शेवटी एका फोल्डरमधल्या फायलीच. त्यांची कॉपी काढली तर मूळच्या केसाला धक्का नाही. कॉपी थेट उघडायची, अण्णाचा प्रश्न विचारायचा आणि कॉपी पुसून टाकायची. नियमही मोडला नाही आणि कामही झालं.

तिनं दुसरी काळी खिडकी उघडली आणि कॉपी काढली. ती उघडायला गेली तर प्रोग्रॅमनं नकार दिला, म्हणे या डेटाबेसात बदल चालू आहेत. कॉपीबरोबर एक खुणेची छोटीशी फाईलही आली होती. चालू काम दाखवायला सर्व्हर ती ठेवतो. पद्मजानं ती खूण पुसली. कॉपीत कुठे बदल चालू आहेत, असं ती स्वतःशी म्हणाली. यावेळी प्रोग्रॅम निमूट उघडला.

अण्णाच्या जिवाणूची जनुकं देऊन तिनं प्रश्न सोडला आणि नखं कुरतडत बसली. बऱ्याच वेळानं पडद्यावर एकच नाव उमटलं. दंडोबा-सात. खाली जुळणीचे आकडे, आणि आकडे असे छान, की तिला भरून आलं. दंडोबाच्या डोंगरात हणबर सरांबरोबर ती स्वतःच गेली होती, कातळातल्या टाक्यातलं पाणी आणायला. आपणच आणलेला फेज आपल्या अण्णाला वाचवणार, याचा तिला केवढा आनंद झाला. तिनं कपाटाला आज्ञा दिली. कपाटानं हिरव्या टोपणाची शिशी काढली, ती रस्त्याखालच्या हवेच्या नळीत पडली आणि सूं करत हॉस्पिटलात गेली.

अण्णावर उपचार करणाऱ्या डॉक्टर रेहाना पटवेगारांचा फोन आला. "शिशी मिळाली. अगदी वेळेवर. सलाईनची तयारी करते."

"दंडोबा-सात आहे, डॉक्टर."

"हो, चिठ्ठी आहे वर. तुमच्या वहिनींना सांगितलं, त्या रडतायत."

फोन ठेवून पद्मजा कॉपी पुसायला वळली. वळता वळता तिनं उत्तर पुन्हा एकदा वाचलं, एखादा आवडता निरोप वाचावा तसं. आकड्यांच्या खाली आणखी एक ओळ होती, मघाशी तिकडे लक्षच गेलं नव्हतं. 'स्रोत: दूध संघाचं सांडपाणी.'

दंडोबाच्या डोंगरात कसला आलाय दूध संघ?

क्षणभर तिला वाटलं, नोंद करणाऱ्याची चूक. पण ती नोंद तिनंच केली होती. आणि मग काय झालं असणार ते तिला एकदम समजलं. डेटाबेसात झाडाचा आकार एका फायलीत असतो आणि नावं दुसऱ्या फायलीत. आकाराच्या फायलीत फक्त एवढंच लिहिलेलं असतं, की नाव दुसरीकडे अमुक जागी पाहा. थिएटरात खुर्च्यांना नवे नंबर घालणं चालू आहे आणि आपल्या हातात जुनं तिकीट आहे, तसं झालं होतं. कॉपी निघत होती तेव्हा सर्व्हर लिहीतच होता. एक फाईल आधीची आली, दुसरी नंतरची. जुळणीचे आकडे कुणाचे, सांडपाणी कुणाचं आणि नाव कुणाचं, काही सांगता येत नव्हतं. बदल चालू आहेत असं प्रोग्रॅम स्वच्छ सांगत होता, आणि तेच सांगणारी खूण तिनं हातानं पुसली होती.

तिनं डॉक्टरांना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, सिस्टरनं उचलला. "मॅडम हात धुतायत, नंतर करा." पद्मजा उठली आणि पळत सुटली. चप्पल पायात आहे की नाही हेही तिला कळलं नाही.

वॉर्डाच्या दाराशी त्रिशलावहिनी उभी होती. पद्मजाला पाहून तिनं दोन्ही हातांनी तिचे हात धरले. "पद्मा, तुजे उपकार," एवढंच ती बोलू शकली. पद्मजानं हात सोडवून घेतले आणि आत गेली. डॉक्टर पटवेगार अण्णाच्या उशाशी होत्या. शिशीतलं औषध अजून सुईत ओढलं नव्हतं.

"डॉक्टर, ती शिशी परत द्या."

"का?"

"उत्तर मी सर्व्हरकडून घेतलेलं नाही. कॉपी काढून घेतलं, लिहिणं चालू असताना. ते फाटकं आहे. हा फेज तोच आहे याची खात्री नाही."

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "चुकीचा आहे याची खात्री आहे?"

"नाही. तीही नाही."

"पद्मजाताई, मला हो किंवा नाही सांगा. माझ्यासमोर पेशंटचं बीपी उतरतंय. हा चालला नाही तर आपण पाय काढणारच आहोत. देऊन पाहायला काय हरकत?"

पद्मजानं अण्णाकडे पाहिलं. तो तापात गुंगला होता, ओठ कोरडे पडले होते. हो म्हणावंसं तिला फार वाटलं. कदाचित नाव बरोबरही असेल. आपण उगाच पराचा कावळा करत असू. हो म्हटलं की वहिनी पुन्हा हात धरेल आणि निदान संध्याकाळपर्यंत सगळं छान असेल.

"घरजावई निघाला तर?" ती म्हणाली. "आज त्यांच्याच खुणा लिहिल्या जातायत. कुठल्या जुन्या फेजवर खूण पडणार, हे लिहून झाल्याशिवाय मला माहीत नाही."

डॉक्टरांनी शिशी तिच्या हातात ठेवली. "सर्व्हरचं उत्तर आणा. मी ऑपरेशन थिएटर तयार ठेवते, फार थांबू शकणार नाही."

दारातून बाहेर पडताना वहिनी आडवी आली. तिची नजर पद्मजाच्या मुठीवर होती. "हे काय? औशद कुटं न्हेलालीस?"

"येते, वहिनी. आत्ता येते."

"पद्मा, आलेलं औशद परत न्हेतीस?"

पद्मजा तिला वळसा घालून पेढीकडे धावली.

पेढीत हणबर सर परत आले होते आणि तिच्या खुर्चीमागे उभे राहून दुसरी काळी खिडकी पाहत होते. ते जन्मभर याच खिडक्यांत वावरलेले, त्यांना सांगावं लागलं नाही. तरी पद्मजानं सांगितलं, सगळं, धापा टाकत. सर चिडले नाहीत. फक्त म्हणाले, "कॉपी आधी पुसून टाक. उद्या कुणीतरी खरी समजून उघडेल." तिनं पुसली. "लिहिणं आत्ताच संपलंय," ते म्हणाले. "रांग हलायला लागली."

ती क्लायंटच्या खिडकीसमोर बसली. पुढचे प्रश्न आठ-दहाच्या गटानं मार्गी लागत होते. प्रत्येक प्रश्नामागे कुणीतरी कुणाचा तरी अण्णा होता, हे ती इतकी वर्षं नुसतं तोंडानं म्हणायची. आता तिला त्या प्रत्येकाचा राग येत होता, आणि राग येतोय याची लाजही वाटत होती. शेवटी अण्णाचा नंबर आला. पडदा बराच वेळ निश्चल राहिला.

मग खालच्या ओळीवर प्रश्नाची जागा पुन्हा लुकलुकायला लागली. नाव नाही, आकडे नाहीत, चूक झाली असंही नाही. काही सापडलं नाही की हा प्रोग्रॅम काहीच बोलत नाही, गुमान पुढच्या प्रश्नाची वाट पाहतो. पद्मजानं हीच रिकामी ओळ आजवर कितीतरी डॉक्टरांना कळवली होती.

तिनं पुन्हा विचारलं. पुन्हा रिकामी ओळ.

"दंडोबा विचार," हणबर सर मागून म्हणाले.

तिनं दंडोबा-सात विचारला. हे उत्तर मात्र झटकन आलं, आणि त्यात आज सकाळपासून जोडलेली नवी डहाळी होती. घरजावई. विषाची जनुकं आहेत. रोग्यास देऊ नये.

शिशी टेबलावर होती, हिरव्या टोपणाची. सरांनी ती उचलली आणि हिरव्याच्या जागी धोक्याचं लाल टोपण लावायला घेऊन गेले. दोन मिनिटं उशीर झाला असता तर आपल्याच हातानं, या विचाराच्या पुढे पद्मजाला जाताच येईना. तिनं डॉक्टरांना फोन केला.

"काही नाही, डॉक्टर. आपल्याकडे नाहीच."

"आणि ती शिशी?"

"जहरी होती."

"बरं झालं आलात. मी पाय काढायला घेते. कागदावर वहिनींची सही घेतलीय."

अण्णा वाचला. गुडघ्याच्या वरून पाय गेला. पद्मजानं आपल्या चुकीचा अहवाल स्वतः लिहून दिला. चौकशी होईपर्यंत तिच्याकडून लिहिण्याचा अधिकार काढून घेतला, वाचण्यापुरता ठेवला. त्याचं तिला काही वाटलं नाही. वाटायचं ते वेगळंच. रोज संध्याकाळी ती समोरच्या हॉस्पिटलात जाई, आणि रोज त्रिशलावहिनी ती आली की उठून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राही. मगदूमांच्या घरात आता सगळ्यांना माहीत झालं होतं, की औषध आलं होतं, भूपालच्या उशाशी पोचलं होतं, आणि पद्मीनं नियमापायी ते परत नेलं. तिचा नियमाचा ताठा साऱ्यांना ठाऊक होताच. मामेभावानं तर फोनवर विचारलं, "कुणा बड्या पेशंटला द्यायचं होतं काय?"

एका वाक्यात तिला हे सगळं थांबवता आलं असतं. ती शिशी विष होती. पण त्या वाक्याला लागूनच पुढचं वाक्य होतं. मग विष आलं कसं? मी मागच्या दारानं आणलं. का आणलंस? आणि मग वहिनीला तो फोन आठवला असता. काय तरी कर, हे आपलेच शब्द, आपलाच हळू आवाज. नवऱ्याचा पाय गेलेली बाई आपल्यामुळे तो मरणार होता, हे घेऊन उरलेला जन्म काढेल. चूक माझी, कॉपी माझी, खूण मी पुसली; मग तिच्या पदरात त्यातलं काही का घालू, असं पद्मजाला वाटे. डॉक्टरांनाही तिनं हात जोडून सांगितलं होतं, घरच्यांना एवढंच कळू दे, की औषधाची खात्री नव्हती.

अण्णाला उठून बसायला परवानगी मिळाली त्या संध्याकाळी वहिनी खोलीतच थांबली. तिला बोलायचं होतं.

"इचारा तुमच्या भैणीला," ती अण्णाला म्हणाली. पद्मजाकडे तिनं पाहिलं नाही. "हातात आलेलं औशद का परत न्हेलं, इचारा. मला तर सांगंना झालीया."

अण्णानं उशीला पाठ टेकली. चादर एका बाजूला सपाट होती, तिकडे पाहायचं पद्मजा टाळत होती. "पद्मी," तो म्हणाला, "खरं काय गं?"

"खात्री नव्हती, अण्णा."

"खात्री न्हवती, मग पाठीवलंस कशाला?"

अण्णा तिच्याकडे पाहत राहिला. लहानपणी काही लपवलं की ती उजव्या पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरायची, आत्ताही उकरत होती. मग त्यानं वहिनीकडे पाहिलं. वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत होती. तो बराच वेळ आळीपाळीनं दोघींकडे पाहत होता.

"त्रिशला," तो शेवटी म्हणाला, "तवा पद्मीला फोन केलावतास काय तू?"

"केलावता की. न्हाई करू तर काय?"

"बराबर केलंस." मग पद्मजाला म्हणाला, "आमच्या धंद्यात असं हुतंय. गिऱ्हाईक डोक्यावर बसलेलं असतंय, घाईत टर्मिनल उलटं लागतंय. चालू करायच्या आत ध्येनात आलं तर वायर वडून काढायची, गाडी बंद ऱ्हायली तर ऱ्हायली. न्हाईतर सगळी पेटती." त्याचा आवाज अगदी साधा होता, दुकानात कुणाला सांगावा तसा. "वायर वडलीस, हुय न्हवं?"

पद्मजानं मान हलवली. तिला रडू आवरेना.

"मला काय बी कळंना तुमचं," वहिनी म्हणाली. "हितं पायाचं बोलालोय आन तुमी बॅटऱ्याचं काय काडलंय?"

अण्णानं सपाट चादरीवरून हात फिरवला. "तुला कळून काय करायचंय? च्या आण जा दोन कप. हिलाबी दे."

वहिनी उभी राहिली. थर्मास घेऊन दारापर्यंत गेली, तिथं थांबली आणि पहिल्यांदाच पद्मजाकडे पाहून, रागातच, तिनं विचारलं, "साकर घालू का बिनसाकरंचा?"